उद्यानातील छोट्या कार्यक्रमांच्या परवानगीला मुदत हवी आणि उत्तर कागदावर हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : सार्वजनिक उद्यानांत छोटे कार्यक्रम घेण्यासाठी लागणारी परवानगी

महोदय,

5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत मराठी नाटकाचा प्रयोग केला आणि तेव्हापासूनच्या वाटचालीची आठवण म्हणून हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यानंतर आम्ही सात-आठ जणी आणि जण मिळून दर रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. गेल्या रंगभूमी दिनी हा गोष्टींचा तास घराबाहेर, झाडांच्या सावलीत घ्यावा असे आमच्या मनात आले. आमच्यातील एक सहकारी जिल्ह्यातील दुसऱ्या एका शहरात राहतात व त्यांच्या घराजवळ एक सार्वजनिक उद्यान आहे. सायंकाळी चार ते सहा ही वेळ, चाळीस-पन्नास मुले, चार सतरंज्या, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आणि वाचायची पुस्तके, एवढाच आमचा सरंजाम होता. मंडप, ध्वनिक्षेपक, तिकीट किंवा पाहुण्यांचा सत्कार यांपैकी काहीही नव्हते. या दोन तासांच्या परवानगीसाठी आम्हाला जो महिना घालवावा लागला त्याविषयी हे पत्र आहे. त्या शहराचे आणि कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझी तक्रार तेथील कोणा एका कर्मचाऱ्याविरुद्ध नाही, आणि असाच अनुभव इतर ठिकाणच्या भजनी मंडळांच्या, योगवर्गांच्या व चित्रकला शिक्षकांच्या तोंडूनही मी ऐकला आहे.

आम्ही महिनाभर आधी अर्ज घेऊन गेलो. हाताने लिहिलेला अर्ज चालणार नाही, छापील नमुना भरावा लागेल, असे सांगण्यात आले. तो नमुना झेरॉक्सची झेरॉक्स असल्याने काही ठिकाणी वाचताही येत नव्हता. जे वाचता आले त्यात मंडपाची लांबी-रुंदी, विजेचा भार, तिकिटाचा दर, दुकानांच्या गाळ्यांची संख्या आणि आयोजक संस्थेचा नोंदणी क्रमांक असे रकाने होते. हा नमुना प्रदर्शने आणि जत्रा यांच्यासाठी तयार झालेला होता हे उघड आहे. आम्ही प्रत्येक रकान्यात "नाही" असे लिहिले. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात मात्र अडलो, कारण आमची कोणतीही नोंदणीकृत संस्था नाही, आणि संस्थेच्या नावाशिवाय अर्ज आवक करता येत नाही असे उत्तर मिळाले. शेवटी एका ओळखीच्या वाचनालयाने त्यांच्या नावाने अर्ज करू दिला आणि आम्हाला आवक क्रमांक मिळाला.

त्यानंतर खरी फेरी सुरू झाली. उद्यानाची देखभाल पाहणाऱ्यांनी सांगितले की जागा मालमत्ता विभागाची आहे. मालमत्ता विभागाने सांगितले की आधी पोलिसांचे ना हरकत पत्र आणा. पोलीस ठाण्यात आमचे नीट ऐकून घेतले गेले, परंतु जागेच्या मालकाने परवानगी दिल्याशिवाय आम्ही ना हरकत कशी द्यावी, असे विचारण्यात आले. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि मालमत्ता विभागाचाही त्यांच्या परीने रास्तच असेल, पण दोन रास्त प्रश्नांच्या मध्ये अर्जदार उभा राहतो आणि दोन्हीकडचे दार दुसरीकडच्या कागदाने उघडते, अशी ही रचना आहे. अनामत रकमेचा आकडा तीन वेळा विचारला तेव्हा तीन वेगवेगळे आकडे सांगण्यात आले. दर ठरवणाऱ्या ठरावाची प्रत मागितली तेव्हा ती सापडली नाही. मी या काळात सांगलीहून चार वेळा एसटीने त्या शहरी गेले. आमचे सहकारी तर जवळजवळ एक दिवसाआड त्या कार्यालयाच्या बाकावर बसून होते.

4 नोव्हेंबरच्या संध्याकाळी फोन आला. "घ्या कार्यक्रम, कोणी अडवणार नाही, पण लेखी काही मागू नका," असे सांगण्यात आले. फोन करणाऱ्या गृहस्थांच्या मनात आमच्याविषयी चांगलेच होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. तरीही आम्ही त्या उद्यानात कार्यक्रम घेतला नाही. पन्नास मुलांना घेऊन बसायचे आणि मध्येच कोणी कागद विचारला तर उठून जायचे, किंवा एखादे मूल पडले तर "परवानगीच नव्हती" हे उत्तर ऐकायचे, ही जबाबदारी घेण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. सहकाऱ्यांच्या घराच्या ओट्यावर आणि समोरच्या बोळात आम्ही मुलांना बसवले. सेहेचाळीस मुलांची नावे आली होती, प्रत्यक्षात एकोणीस आली, कारण बाकीच्यांना उद्यानाचाच पत्ता दिलेला होता आणि आदल्या रात्री सगळ्यांपर्यंत निरोप पोहोचवणे शक्य झाले नाही.

तोंडी परवानगी ही वरवर पाहता सोय वाटते, म्हणून ती का घातक आहे हे थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. तोंडी परवानगी ओळखीच्या माणसाला मिळते, अनोळखी माणसाला मिळत नाही. ती कोणत्याही क्षणी मागे घेता येते आणि मागे घेतली तर दाद मागायला हाती काहीच नसते. दोन मंडळांना एकाच वेळेची तोंडी परवानगी मिळाली तर ज्याचा आवाज मोठा त्याचा कार्यक्रम होतो. सर्वांत वाईट परिणाम असा की नियमाने जाऊ पाहणारा माणूस महिनाभर ताटकळतो, आणि कोणालाही न विचारता स्पीकर लावून वाढदिवस साजरा करणाऱ्यांना काहीच होत नाही, हे शेजारीपाजारी पाहत असतात. पुढच्या वेळी अर्ज करण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत. म्हणजे ज्या पद्धतीने शिस्त लागायची, तीच पद्धत लोकांना न विचारता कार्यक्रम करायला शिकवते.

असे का होते याचाही मी विचार केला आहे. खालच्या टेबलावरील कर्मचाऱ्याने सही केली आणि पुढे काही विपरीत घडले तर त्याची सही कागदावर राहते. त्याने सही केली नाही तर त्याला कोणीही विचारत नाही. अशा स्थितीत कोणताही सावध माणूस कागद पुढच्या टेबलाकडे सरकवेल, आणि मी त्या जागी असते तर कदाचित मीही तेच केले असते. त्यामुळे कर्मचाऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. कोणत्या कार्यक्रमाला कोणी, किती दिवसांत, कोणत्या कारणास्तव हो किंवा नाही म्हणायचे हे आधीच लिहून ठेवले, तर सही करणाऱ्याच्या पाठीशी नियम उभा राहतो. आज त्याच्या पाठीशी काहीच नाही.

या विषयाला दुसरी बाजू आहे आणि ती मला अर्जदाराच्या बाजूइतकीच जवळची आहे. सांगलीच्या आमराई या उद्यानात सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्या झाडांखाली दर आठवड्याला मंडप पडावा, जनरेटर धडधडावा आणि खाद्यपदार्थांचे गाडे लागावेत असे मला कदापि वाटणार नाही. उद्यान आणि मैदान या दोन वेगळ्या जागा आहेत. मैदानाची जमीन तुडवली जाण्यासाठीच असते. उद्यानातील हिरवळ पावसाळ्यानंतर ओली असताना एका संध्याकाळी हजार माणसे त्यावर उभी राहिली, तर माती दबते आणि माळ्याची कित्येक आठवड्यांची मेहनत वाया जाते. रोषणाईच्या माळा लावण्यासाठी झाडांच्या खोडांत खिळे ठोकलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1975 पासून स्वतंत्र कायदा आहे, पण कार्यक्रमाच्या अर्जात झाडांविषयी एकही रकाना नसेल तर तो कायदा आयोजकाच्या लक्षात येणार कसा? उद्यानात येणाऱ्या वृद्धांना, बाळंतपणातून उठलेल्या मातांना आणि अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना शांततेचा हक्क आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला सर्वसाधारणपणे बंदी आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. उद्यानाच्या बाबतीत या मर्यादांच्याही पुढे जाऊन ध्वनिक्षेपकाला मुळातच नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला ध्वनिक्षेपक हवा त्याने मैदान किंवा सभागृह घ्यावे.

सार्वजनिक उद्यान हे खाजगी लाभासाठी वळवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली बंगळूरच्या एका प्रकरणात ठामपणे सांगितले आहे. उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी शुश्रूषागृहाला दिली गेली होती आणि परिसरातील रहिवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले होते. मोकळ्या जागा शहराच्या आरोग्यासाठी असतात, हा त्या निकालाचा गाभा आहे. तो प्रश्न जागा कायमची देण्याचा होता हे मला मान्य आहे, परंतु आठवड्याचे तीन-चार दिवस विक्री-प्रदर्शनांना भाड्याने जाणारे उद्यान रहिवाशांच्या दृष्टीने तितकेच हातचे गेलेले असते. म्हणून ज्या कार्यक्रमात विक्री आहे, तिकीट आहे किंवा कंपनीची जाहिरात आहे, तो उद्यानात नको. येथे कडक राहिले तर पुस्तक वाचणाऱ्या मुलांसाठी सैल राहणे सोपे जाईल.

परवानगी देणाऱ्याच्या मर्जीविषयी आणखी एक जुना निकाल येथे सांगण्याजोगा आहे. अहमदाबादमध्ये रस्त्यावर सभा घेण्यास पोलिसांनी परवानगी नाकारल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले आणि 1972 साली त्याचा निकाल लागला. सार्वजनिक ठिकाणच्या सभांचे नियमन करण्याचा अधिकार शासनाला आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र कोणत्या कारणासाठी परवानगी नाकारता येईल याचे कसलेही मार्गदर्शन न करता अधिकाऱ्याला अनिर्बंध अधिकार देणारा नियम न्यायालयाने रद्द ठरवला. तो नियम 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमाखाली केलेला होता, आणि तोच अधिनियम आज आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने लागू आहे. अधिकारी नाही म्हणू शकतो, पण नाही म्हणण्याचे मोजमाप आधी ठरलेले असले पाहिजे. मुलांच्या वाचनाच्या तासासाठी घटनापीठाचा दाखला देणे काहींना अवास्तव वाटेल. परंतु आमचा अर्ज नाकारण्यातच आला नाही आणि मंजूरही झाला नाही, आणि अशा अर्जाचे काय करायचे हे विचारण्याची जागा नागरिकाला कोठे तरी मिळाली पाहिजे.

ती जागा आपल्या राज्यात कायद्याने तयार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. अधिसूचित केलेल्या, म्हणजे यादीत अधिकृतपणे जाहीर केलेल्या, सेवेसाठी त्यात पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते, अर्जाला क्रमांकासह पोच द्यावी लागते, आणि अर्ज फेटाळायचा असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात. त्यानंतर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग अशी वाट आहे, आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा देण्यात कसूर झाल्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र हे सारे अधिसूचित सेवांनाच लागू पडते. जिल्ह्यातील महानगरपालिकेने, नगरपरिषदांनी आणि नगरपंचायतींनी "उद्यानात कार्यक्रमासाठी परवानगी" ही सेवा स्वतंत्र नावाने या यादीत आणावी, ही माझी मुख्य मागणी आहे. ज्यांनी ती आधीच आणली असेल त्यांनी तिची मुदत आणि अधिकाऱ्याचे पदनाम प्रत्येक उद्यानाच्या फाटकावर रंगवून लावावे. मुदत कार्यालयातील फलकावर असून उपयोग नाही, कारण उद्यानात कार्यक्रम घ्यावा असे माणसाच्या मनात येते ते उद्यानात बसलेले असताना.

त्याच्याही आधी एक साधी गोष्ट करता येईल. सर्वच कार्यक्रमांना परवानगी लागावी का, हे एकदा तपासून पाहावे. पन्नासपर्यंत माणसे, मंडप नाही, ध्वनिक्षेपक नाही, स्वयंपाक नाही, विक्री नाही आणि दिवसाउजेडी तीन तासांच्या आत संपणारा कार्यक्रम, एवढ्या अटी पाळणाऱ्यांकडून केवळ पूर्वसूचना घ्यावी. अर्ज एक पानी असावा, तो कोणाही प्रौढ नागरिकाला ओळखपत्राच्या आधारे करता यावा, संस्थेची नोंदणी विचारू नये, अनामत घेऊ नये. पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर कार्यक्रम मान्य आहे असे समजावे, आणि पूर्वसूचनेची पोच हाच परवान्याचा कागद मानावा. सूचना आणि परवानगी यांतील हा फरक मी मनाने काढलेला नाही. 2016 साली आलेल्या घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी विनापरवाना जागेवर शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम घेणाऱ्यास स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवण्याचे आणि कचरा वेगळा करून सुपूर्द करण्याचे बंधन घातले होते. तेथे संख्या ठरवलेली होती, दिवस ठरवलेले होते आणि शब्द कळवण्याचा होता. कचऱ्याच्या बाबतीत जे जमले ते सतरंजीच्या बाबतीत का जमू नये?

पन्नासांहून मोठ्या पण विनामूल्य कार्यक्रमांसाठी परवानगी जरूर लागावी, परंतु अर्ज एकाच ठिकाणी द्यावा लागावा. पोलिसांचे मत हवे असेल तर ते कार्यालयाने कार्यालयाकडून मागवावे, अर्जदाराच्या हाती कागद देऊन त्याला दोन इमारतींमध्ये फिरवू नये. हे अशक्य नाही. गणेशोत्सवात मंडपाच्या परवानगीसाठी कित्येक शहरांत एक खिडकी योजना चालवली जाते, त्यात स्थानिक संस्था, पोलीस, वाहतूक शाखा आणि वीज कंपनी असे सगळे एका जागी येतात. दहा दिवसांच्या उत्सवाच्या गर्दीत जे यंत्रणेला जमते ते वर्षातील उरलेल्या दिवसांत एका टेबलावर जमू शकेल.

या मागणीवर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. पूर्वसूचना पुरेशी ठरवली तर तिचा आडोसा घेऊन राजकीय मंडळी किंवा तेढ वाढवणारे लोक उद्यानात जमतील, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटते. यावर माझे म्हणणे असे की अटी विषयावर न ठेवता संख्या, आवाज, वेळ आणि जागा यांवर ठेवाव्यात. अभंग म्हणणाऱ्यांना, संविधानाचे वाचन करणाऱ्यांना आणि बुद्धिबळ शिकवणाऱ्यांना त्या सारख्याच लागू असाव्यात. कोणी काय बोलावे हे उद्यान विभागाने ठरवू नये, त्यासाठी वेगळे कायदे आहेत, आणि जमावबंदीचा आदेश असेल त्या काळात तो सर्वांनाच लागू होतो. ज्याने अटी मोडल्या, कचरा टाकला किंवा पन्नासांचे दोनशे केले, त्याची पूर्वसूचना पुढील वर्षभर स्वीकारू नये. एवढी शिक्षा पुरेशी आहे आणि ती द्यायला न्यायालयात जावे लागत नाही.

उद्यानाच्या फाटकाशी एक फळा असावा आणि त्यावर येत्या आठवड्यातील कार्यक्रम, वेळ व कोपरा खडूने लिहिलेला असावा, असेही मला सुचवावेसे वाटते. फिरायला येणाऱ्यांना आधी कळले तर ते त्या दोन तासांत दुसरीकडे वळतील किंवा सामील होतील. एकाच वेळेच्या दोन कार्यक्रमांचा घोळ होणार नाही. खर्च फळ्याचा आणि खडूचा.

आमच्या भागाला उघड्यावर बसून ऐकण्याची सवय नवी नाही. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेला कोणीही जाऊन बसू शकतो, आणि नामवंत कलावंत तेथे सेवा म्हणून गातात, वाजवतात. गावोगावच्या पारांवर आजही भजने होतात. फरक इतकाच की पाराला आणि दर्ग्याला स्वतःची जुनी वहिवाट आहे, तर शहरात नव्याने तयार झालेल्या उद्यानाला तशी वहिवाट नाही, आणि ती पडायची असेल तर सुरुवातीची काही वर्षे लोकांना तेथे बसू द्यावे लागेल. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ज्या मुलांच्या घराला ओटा नाही, अंगण नाही, त्यांना चाळीस जणांनी मिळून बसावे अशी सार्वजनिक मालकीची, पैसे न पडणारी जागा उद्यानाखेरीज फारशी उरलेली नाही.

आम्ही पुढील रंगभूमी दिनासाठी त्याच उद्यानाचा अर्ज या वेळी जून महिन्यातच देणार आहोत. वर सुचवलेल्या पूर्वसूचनेचा एक पानी मसुदा आम्ही तयार केला आहे. त्यात मंडपाचा आणि गाळ्यांचा रकाना नाही, झाडांचा आणि कचऱ्याचा आहे. त्याच्या प्रती जिल्ह्यातील सर्व नगरपरिषदांना, नगरपंचायतींना आणि महानगरपालिकेला पोचपावतीसह टपालाने पाठवत आहोत, आणि एक प्रत या पत्रासोबत आपल्याकडेही जोडली आहे. जागा असेल तर ती छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
सांगली